वृद्धाश्रमात दार वाजवून आत येतात का?

वाढदिवसाला वृद्धाश्रमात फळं वाटायची पद्धत आता बेळगाव शहरातच काय, खानापूर-निपाणीकडेही चांगली रुळली आहे. सकाळी अकराच्या सुमारास गाडी येते, केळी-सफरचंदांच्या करंड्या उतरतात, आज्जी-आजोबांना ओळीने बसवतात, प्रत्येकाच्या हातात पिशवी देतात आणि फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण त्या ओळीतल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं, की तुमचा फोटो काढू का, छापू का, तुमच्या गावच्या लोकांनी पाहिलेला चालेल का? तिने कदाचित भावकीला सांगितलेलं असतं, मी पुण्याला लेकीकडे असते म्हणून.

वृद्धाश्रम निवडताना आपण जेवण बघतो, स्वच्छता बघतो, डॉक्टर किती वेळा येतात आणि महिन्याला किती पैसे पडतात ते विचारतो. ते विचारावंच. मला मात्र दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. वृद्धांच्या सेवेचा अभ्यास करणारे लोक तिला व्यक्तिकेंद्री काळजी म्हणतात. नाव जड आहे, अर्थ तेवढा नाही. माणूस आजारी पडला, विसराळू झाला, उठायला-बसायला दुसऱ्याचा हात लागू लागला, तरी आपला दिवस, आपलं शरीर आणि आपली नाती यांच्याबद्दल ठरवायचा त्याचा हक्क संपत नाही. त्या हक्काला वाट करून देणं हे सांभाळणाऱ्याचं काम. आपल्याकडे समज असा, की मायेने केलं की मान आपोआप राखला जातो. मला ते पटत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातले निर्णय रागाने कमी आणि मायेने जास्त काढून घेतले जातात.

ही विचारसरणी रुजवणाऱ्यांत इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवुड यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या लोकांमध्ये त्यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत काम केलं. मेंदू झिजतो म्हणून माणूस खचतो हे त्यांना मान्य होतं, पण तेवढंच कारण नसतं, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूचे लोक कसे वागतात त्यानेही तो खचतो. अशा वागण्याची त्यांनी यादीच केली: लहान मुलासारखं बोलणं, खोटं सांगून वेळ मारून नेणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईने सगळं उरकणं, तो समोर असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं, शिक्का मारणं, एखाद्या वस्तूसारखं उचलून ठेवणं. हे करणारे दुष्ट नसतात, हेही त्यांनी आवर्जून म्हटलं. काम करताना आधीच्या लोकांकडून उचललेल्या सवयी असतात त्या.

ही यादी आपल्या बोलीत आणली की लगेच ओळख पटते. ‘शहाणी की नाही आमची आज्जी? मग गप गिळायचं.’ ‘मुलगा उद्या येणार आहे हं.’ (तो येणार नसतो.) ‘हे दोन नंबरचे बेडवाले फार त्रास देतात.’ आज्जी, आजोबा, मावशी, काका या हाकांत चुकीचं काही नाही, आपल्याकडे नावाने हाक मारणंच उलट खटकेल. पण जन्मभर ज्यांना सगळी गल्ली ‘पाटील गुरुजी’ म्हणायची, त्यांना इथे आल्या दिवसापासून नुसते ‘आज्जा’ केलं, तर त्यांचं काहीतरी काढून घेतलं जातंच. काय म्हणून हाक मारू, हे पहिल्या दिवशी विचारून घेतलं की झालं.

माणसाची आधीची गोष्ट

समजा निपाणीची एक बाई आहे. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून विड्या वळलेली. आता डिमेन्शिया. दिवसभर तिची बोटं चालू असतात. चादरीचं टोक धरते, गुंडाळते, चिमटीने बंद करते, पुन्हा सोडते. फाईलमध्ये नोंद होते: ‘अस्वस्थ, सतत हात हलवते, चादर फाडते.’ डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी सुरू होते. आता तिचं आयुष्य माहीत असलेलं कुणी असेल, तर त्याला एका नजरेत कळेल की ती कामावर बसली आहे. तिच्यासमोर विड्या वळायला घेतात तसं सूप ठेवा, जुन्या कागदाचे तुकडे, दोऱ्याची गुंडी ठेवा. शेजारी बसून ‘आज किती हजार झाल्या?’ विचारा. गोळीची गरज राहीलच असं नाही.

किंवा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार. बेळगावात रेजिमेंटचं केंद्रच असल्यामुळे असे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. पहाटे साडेचारला उठणार, दाढी करणार, बूट घालणार. आश्रमात चहा सातला. साडेचारला उठून व्हरांड्यात फिरणारा म्हातारा म्हणजे रात्रपाळीला कटकट, म्हणून कुलूप लागतं. त्या माणसाला पहाटे दाढीचं सामान आणि गरम पाणी दिलं, दिवा लावायचं काम सोपवलं, तर कटकट नाहीशी होते.

म्हणून चांगल्या ठिकाणी माणूस दाखल होतो तेव्हा आजारांच्या कागदासोबत त्याची जीवनकथाही लिहून घेतात. दोन पानं पुरतात. कुठल्या गावचे, काय काम केलं, कशाचा अभिमान आहे, कशाची भीती वाटते, भाकरी लागते की भात, रात्री दिवा लागतो का, पूजा कुठली, कुणाचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं. खानापूरकडच्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि अथणीकडच्याला जोंधळ्याची भाकरी नसली तर पोट भरत नाही. ‘जेवत नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी एवढं तपासायला काय हरकत आहे? जाता जाता एक: पुष्कळ आश्रम पूर्ण शाकाहारी असतात, कधी देणगीदारांच्या भावनेपोटी. जन्मभर रविवारी मटण खाल्लेल्या माणसाला मात्र त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

स्वतः ठरवायला मिळण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. 1976 साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धगृहात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीचं आणि वेळेचं तुम्हीच बघा. आवडेल ते रोप निवडा, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी आणि जास्त हिंडती-फिरती आढळली. प्रयोग लहान होता, तेव्हा त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. तरी अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं काम माळ्याकडून काढून एखाद्या आज्जीला द्यायला तेवढा पुरावा पुरे.

कानडी, मराठी आणि दुखणं

सीमाभागात या सगळ्याला एक जास्तीचा पदर आहे, आणि दुसरीकडच्या पुस्तकांत तो सापडत नाही. आश्रमात काम करणाऱ्या आया, सिस्टर, स्वयंपाकी बऱ्याचदा कानडी बोलणाऱ्या असतात. राहणाऱ्यांत मराठी बोलणारे पुष्कळ. एरवी याने काही अडत नाही. बेळगावच्या बाजारात सौदा करताना एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात आणि कुणाला जाणवतही नाही. पण डिमेन्शियात पुष्कळांची मागाहून शिकलेली भाषा आधी निसटू लागते आणि लहानपणची भाषा जास्त काळ टिकते. चाळीस वर्षं कानडीत व्यवहार केलेला वडगावचा विणकर एक दिवस ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) या साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही. सिस्टरला वाटतं, हट्टीपणा करतायत. त्यांना प्रश्नच कळलेला नसतो. उलट बाजूनेही हेच होतं: कानडी घरातली आज्जी मराठी बोलणाऱ्या आयाच्या हाती असली की तिचीही हीच गत.

हा प्रश्न लहान नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतातल्या 60 वर्षांवरच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. दोन भाषांची एक चांगली बाजूही आहे. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली, आणि हा फरक शाळेत न गेलेल्यांतही दिसला. भाषेवरून आपल्याकडे काय काय झालं ते सर्वांना माहीत आहे. दोन्ही भाषा बोलत आलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूला मात्र त्याचा उपयोगच झाला असावा.

भाषेचा खरा घोळ दुखण्यात होतो. मराठी माणूस नुसतं ‘दुखतंय’ म्हणत नाही. डोक्यात ठणका असतो, पोटात मुरडा, छातीत कळ, पायात गोळा, अंगात कणकण. या प्रत्येकावर वेगळा इलाज लागतो. सिस्टरला यातलं फक्त ‘दुखतंय’ कळत असेल तर सगळ्याला एकच गोळी मिळते. ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं दुखणं तर चिडणं, ओरडणं, हात झटकणं यातूनच दिसतं, आणि त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतात. उपाय साधा आहे. भिंतीवर एक तक्ता लावायचा: दुखणं, तहान, लघवी, थंडी, ‘नको’, ‘पुरे’ यासाठीचे शब्द दोन्ही भाषांत, दोन्ही लिप्यांत. नवीन आया आली की पहिल्या आठवड्यात तिने तेवढे पाठ करायचे. दाखल करतानाचा फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि आज्जीला फक्त मराठी वाचता येत असेल, तर अंगठा घेण्याआधी तो तिला मोठ्याने मराठीत वाचून दाखवायला हवा. पोराला वाचून दाखवला, हे पुरेसं नाही.

अंघोळ, गाऊन, डायपर, पट्टा

जन्मभर लुगडं नेसलेल्या बाईला आश्रमात आल्यावर गाऊन घालतात. कारण सोय: बदलायला सोपा, धुवायला सोपा. लांब केस असतील तर उवांच्या धास्तीने कापतात. सोयीला माझा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाईला नऊवारी नेसवा असं कुणी म्हणणार नाही. पण जी स्वतः नेसू शकते, फक्त तिला वीस मिनिटं लागतात, तिची ती वीस मिनिटं कुणाच्या सोयीसाठी काढून घेतली? केस कापायच्या आधी तिला विचारलं का? गाऊन अंगात आला तरी वरून पदरासारखी ओढणी घेऊ दिली का?

अंघोळीचंही तसंच. सहा जणांना ओळीने, दार सताड उघडं, पुरुष कामगार बादल्या आणून ठेवतोय, असं दृश्य कुठे दिसलं तर तिथली फरशी कितीही चकचकीत असो, पुढचं बघायची गरज नाही. बाईला बाईनेच अंघोळ घालावी, पुरुषालाही विचारावं. अंगावर पाणी टाकण्याआधी ‘आता पाठीवर घालते हं’ सांगावं. एका वेळी अंगाचा तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचं टॉवेलने झाकता येतं, नर्सिंगच्या शिक्षणात हे शिकवतात. ज्यांना ते शिक्षण मिळालेलं नाही त्या आयांना ते कुणी शिकवत नाही, आणि अंघोळ घालतात त्याच.

डायपरबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. रात्री एकच आया असते, म्हणून चालता येणाऱ्या माणसालाही डायपर लावतात. ‘त्यातच करा’ सांगतात. सुरुवातीला माणूस लाजेने रात्रभर धरून ठेवतो. मग त्यातच करायला शिकतो, आणि पुढे खरोखरच ताबा जातो. कातडी ओली राहून फुटते ते वेगळंच. दर दोन-तीन तासांनी विचारून संडासला नेलं तर अनेकांचा ताबा पुष्कळ दिवस टिकतो. पण त्यासाठी रात्री दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस म्हणजे दुसरा पगार. सन्मान फुकट मिळतो असं सांगणारे व्याख्याते मला आवडत नाहीत. दार वाजवायला पैसे लागत नाहीत, रात्रपाळीला मात्र लागतात. देणगीदारांनी केळ्यांऐवजी एका आयाचा वर्षाचा पगार दिला तर?

पडू नयेत म्हणून खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवणं ही तर मायेचीच गोष्ट समजली जाते. प्रत्यक्षात बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त लागून घेतो. न हलल्याने त्याचे स्नायू जातात आणि पाठीला जखमा होतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णांना साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. वृद्धाश्रमातला सुती पट्टा तेवढा भयानक दिसत नाही म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या खेड्यांतली कित्येक म्हातारी माणसं जन्मभर वाकळ अंथरून जमिनीवर झोपलेली असतात. त्यांना अडीच फूट उंच लोखंडी खाटेवर झोपवायचं आणि पडतात म्हणून बांधायचं, यापेक्षा खाटच बुटकी केली तर?

जवळीक: ज्याबद्दल कुणी बोलत नाही

आता अवघड विषय. नवरा-बायको दोघं आश्रमात आले की पुष्कळ ठिकाणी ‘पुरुष विभाग’ आणि ‘महिला विभाग’ अशी त्यांची वाटणी होते. पन्नास वर्षं एका खोलीत झोपलेली माणसं संध्याकाळी सातला एकमेकांचा निरोप घेतात. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘या वयात आता काय?’

या वयात काय, ते सांगते. सगळ्यात आधी स्पर्श. आश्रमातल्या माणसाला दिवसभर हात लागतात ते कामाचे: उठवायला, पुसायला, रक्तदाब मोजायला. कुणी उगीचच हात हातात घेऊन बसलं, डोक्याला तेल लावून दिलं, पाय चेपले, असं घडणंच थांबतं. त्यानंतर सोबत: आपलं म्हणून एक माणूस, ज्याच्या शेजारी जेवायला बसायचं. आणि हो, शरीराची इच्छाही. अमेरिकेत 57 ते 85 वयाच्या 3,005 लोकांची पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 65 ते 74 वयोगटातले 53 टक्के आणि 75 ते 85 मधले 26 टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते. आपले आकडे वेगळे असतील, पण साठी ओलांडली की शरीर देवळात जमा करतात असं मानायला काही आधार नाही.

न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातल्या हिब्रू होम या वृद्धगृहाने 1995 साली याबद्दल लेखी धोरणच केलं. संमती असलेल्या दोन व्यक्तींची जवळीक हा त्यांचा खाजगी हक्क आहे, कर्मचाऱ्यांनी त्यात नाक खुपसायचं नाही, उलट खाजगीपणा जपायला मदत करायची, असा त्याचा आशय. आपल्याकडे सुरुवात त्याहून साधी असू शकते: जोडप्याला एक खोली, आतून लागणारी कडी (अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी), आणि दार वाजवून उत्तर आल्यावरच आत जायचा नियम. एकट्या माणसालाही हे दार लागतं. कुणी स्वतःच्या खोलीत, दार बंद करून, स्वतःच्या शरीराशी काय करतं हा आश्रमाचा विषय नाही. तेच चारचौघांत घडलं तर ओरडायचं नाही, हसायचं नाही, खोलीत घेऊन जायचं. डिमेन्शियात माणूस अचानक कपडे काढू लागला तर त्याचा अर्थ वासनाच असतो असंही नाही. उकडत असेल, खाज येत असेल, लघवीला लागली असेल.

दोघांची नव्याने मैत्री झाली की आणखी गुंता होतो. विधुर आजोबा आणि विधवा आज्जी रोज बाकावर एकत्र बसायला लागले की आधी कर्मचारी हसतात, मग मुलांना फोन जातो. मुलगा कोल्हापूरहून येतो आणि व्यवस्थापकाला म्हणतो, ‘आईला दुसरीकडे हलवा.’ आईला कुणी विचारत नाही. लोकलाजेइतकीच यात इस्टेटीची भीतीही असते. पुण्यात माधव दामले यांनी 2012 साली ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ सुरू केलं, त्यामागेही हेच वास्तव होतं. लग्न करायचं तर मुलांचा विरोध, आणि विधवेने पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन बहुतेक वेळा बंद होतं. म्हणून कित्येकांना लग्नाविना सोबत जास्त सोयीची वाटते.

डिमेन्शिया असेल तर? सँड्रा डे ओकॉनर या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. पतीला अल्झायमर झाला, त्यांच्यासाठी त्यांनी पद सोडलं. पुढे ते वृद्धगृहात गेले आणि तिथल्या एका बाईच्या प्रेमात पडले. बायको भेटायला आली तरी ते त्या बाईचा हात धरून बसलेले असत. 2007 मध्ये त्यांच्या मुलाने हे जाहीरपणे सांगितलं, आणि वडील आता शांत आहेत याचा आईला आनंदच आहे असंही सांगितलं. हे प्रत्येकाला जमेल असं नाही, जमायलाच हवं असंही नाही. पण असा प्रसंग आपल्या घरात आला तर तो बदफैलीपणा नसून आजारात शोधलेला आधार असू शकतो, एवढं लक्षात राहिलं तरी भांडण टळेल.

संमती मात्र काटेकोरपणे बघावी लागते. ‘डिमेन्शिया आहे म्हणजे काहीच कळत नाही’ हे चूक, आणि ‘नको म्हणाली नाही म्हणजे हो’ हे त्याहून चूक. ज्याला पैशाचे व्यवहार कळत नाहीत त्यालाही कुणाचा हात हवा आणि कुणाचा नको, हे कळू शकतं. बघायचं ते असं: समोरचं माणूस कोण आहे याची तिला जाणीव आहे का, की ती त्याला आपला नवरा समजते आहे? नको वाटलं तर ती उठून जाऊ शकते का? तो आल्यावर तिचा चेहरा खुलतो की आक्रसतो? दोघांपैकी एक जण दुसऱ्यापेक्षा फारच जास्त शाबूत आहे का? हे एकदा बघून भागत नाही. सकाळचा होकार संध्याकाळी असेलच असं नाही. कर्मचारी आणि राहणारा यांच्यात तर असा संबंध कधीच चालणार नाही, तिथे संमतीचा प्रश्न काढूच नये.

आयांची बाजूही याच हिशेबात आहे. अंघोळ घालताना एखाद्या आजोबांनी हात घातला तर ‘म्हातारं माणूस आहे, सोडून दे’ म्हणून तिला गप्प बसवतात. 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं संरक्षण तिलाही आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आजार असेल तर दोन जणींनी मिळून काम करणं, वेळ बदलणं हे उपाय आहेत. तिने सहन करणं हा उपाय नाही.

आणि यल्लम्माला वाहिलेला, बाईच्या वेशात सौंदत्तीच्या डोंगरावर आयुष्य गेलेला जोगप्पा म्हातारा झाला तर त्याची खाट पुरुष विभागात टाकायची की महिला विभागात? त्यालाच विचारावं. आज बहुतेक ठिकाणी त्याला दारातूनच परत पाठवतील.

कायदा कुठवर साथ देतो

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. याचिका केली तेव्हा ते 86 वर्षांचे होते, निकाल लागला तेव्हा 91. म्हाताऱ्यांना कसला आलाय खाजगीपणा, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगावं.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मुख्यतः पोटगीचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असं त्यात म्हटलं आहे, पण राज्य सरकारवर ती सक्ती नाही. दार, अंघोळ, जवळीक यावर त्यात शब्द नाही. तरी सीमाभागातल्या माणसाने त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो (आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी हे उपविभाग आहेत), आणि तो ज्येष्ठ जिथे राहतात किंवा शेवटी राहत होते तिथे करता येतो, तसाच मुलगा जिथे राहतो तिथेही करता येतो. म्हणजे आई खानापुरात आणि मुलगा कोल्हापुरात असेल तर दोन्हीकडचं दार मोकळं आहे, राज्याची हद्द आड येत नाही. पोटगी महिन्याला कमाल 10,000 रुपये. दोन, ‘सांभाळेन’ या बोलीवर जमीन किंवा घर बक्षीसपत्राने दिलं असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. मात्र सांभाळण्याची अट दस्तात लिहिलेली असली तर लढाई सोपी जाते. तोंडी शब्दावर सही करू नका. सल्ल्यासाठी किंवा छळाची तक्रार सांगण्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आश्रम बघायला जाल तेव्हा सकाळी फळवाटपाच्या वेळी जाऊ नका, परवानगी काढून रात्री आठनंतर जा. रात्रपाळीला किती जणी आहेत ते मोजा. दाखवायला बरोबर आलेला माणूस खोलीचं दार वाजवतो का बघा. व्यवस्थापकांना विचारा: जोडप्याला एक खोली मिळते का? चहा उशिरा हवा असेल तर मिळतो का? फोनवर बोलताना शेजारी कुणी उभं राहतं का? आणि मग त्यांना जरा बाहेर थांबायला सांगून हेच प्रश्न तिथल्या एखाद्या आज्जीला विचारा, तिच्या भाषेत.